न्यू मीडिया आर्टचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: कल्पनेपासून ज्युरीपर्यंत

पेंटिंगच्या विद्यार्थ्याचं काम ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोरच्या मूल्यमापनाच्या, दिवशी भिंतीवर टांगलेलं असतं. न्यू मीडियाच्या, म्हणजे सेन्सर, आवाज, प्रोजेक्टर अशा तंत्रातून कला करणाऱ्या, विद्यार्थ्याचं काम त्या दिवशी चालावं लागतं, तेही अनोळखी माणसाच्या हातात आणि तुम्ही बाजूला उभे असताना. अडचणी याच फरकातून येतात, आणि वेळेचं नियोजनही याच फरकावरून करावं लागतं. माझं ठाम मत आहे की शेवटच्या वर्षाला थोडं तंत्र वापरावं, पण ते दिवसभर न अडखळता चाललं पाहिजे. पाच सेन्सर आणि तीन प्रोजेक्टर लावून अर्धवट चालणाऱ्या कामापेक्षा एका सेन्सरवर नीट चालणारं काम परीक्षकाला जास्त काही सांगून जातं.

समजायला सोपं जावं म्हणून या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. कल्पना अशी: दगडी जातं फिरवलं की ओवी ऐकू येते, हात थांबला की ओवी विरत जाते.

पहिली पायरी: एका वाक्यात लिहा

प्रेक्षक काय करतो आणि काम त्याला काय उत्तर देतं, एवढंच त्या वाक्यात हवं. ‘स्त्रीश्रम आणि स्मृती यांचा शोध’ हा विषय झाला, त्यावरून काहीच बांधता येत नाही. ‘जातं फिरवणाऱ्याला ओवी मिळते’ यावरून बांधता येतं. इथे श्रम केल्याशिवाय गाणं ऐकू येत नाही, म्हणजे कामाचा अर्थ त्या क्रियेतच आहे. तुमच्या वाक्यात क्रिया आणि अर्थ असे जुळत नसतील, तर गाईडकडे जाण्याआधी आणखी चार दिवस त्यावर घालवा.

याच सुमारास आधी झालेली कामं बघा. प्रत्येक वेळी प्रेक्षकाकडून काय करून घेतलंय, याची वहीत नोंद करा. राफाएल लोसानो-हेमर यांच्या 2006 सालच्या ‘पल्स रूम’मध्ये प्रेक्षक एक सेन्सर हातात धरतो आणि त्याच्या हृदयाच्या ठोक्यावर दिवा लुकलुकू लागतो. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या एका इन्स्टॉलेशनमध्ये 100 मायक्रोफोन वरून लटकतात. हे मायक्रोफोन स्पीकरचं काम करतात आणि त्यांतून तुरुंगवास भोगलेल्या 100 कवींच्या ओळी ऐकू येतात. दोन्ही कामांत यंत्रणा बरीच आहे, पण प्रेक्षकाला करायचं असतं ते अगदी साधं: धरायचं, किंवा मधून चालत ऐकायचं.

दुसरी पायरी: साहित्य आणि परवानगी

जात्यावरच्या ओव्यांचा फार मोठा संग्रह महाराष्ट्रात झालेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’, या संग्रहातल्या ओव्या क्रमाक्रमाने प्रकाशित करत आली आहे. हे अभ्यासासाठी मोठं धन आहे. पण त्यातलं ध्वनिमुद्रण तुमच्या कामात वापरायचं असेल, तर लेखी परवानगी मागा आणि उत्तर येईपर्यंत त्यावर विसंबून राहू नका.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे घरातल्या किंवा गावातल्या कुणाकडून ओव्या स्वतः मुद्रित करणं. मावशीला, आजीला आधी नीट सांगा: हे कुठे वाजणार, कोण ऐकणार, नाव द्यायचं की नाही. त्यांचा होकार कागदावर घ्या, किंवा त्यांच्याच आवाजात मुद्रित करा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो, त्यांना खुर्चीवर बसवून गायला लावू नका. जात्याच्या खुंट्याला हात लागल्यावर ओवीची लय आपोआप येते. एरवी ‘काही आठवत नाही बाई’ म्हणणाऱ्या बायकांना दळताना एकामागून एक ओव्या सुचतात.

तिसरी पायरी: दोन आठवड्यांत कच्चं रूप

सत्र साधारण सोळा आठवड्यांचं धरलं, तर पहिल्या दोनांत संपूर्ण कामाचं ओबडधोबड रूप उभं राहिलं पाहिजे. जातं नसलं तरी चालेल, डब्याचं झाकण फिरवा. ओवी नसेल तर मोबाईलमधलं कुठलंही गाणं लावा. मित्राने झाकण फिरवायचं आणि तुम्ही मागे बसून हाताने गाणं सुरू-बंद करायचं. एकही वायर न जोडता तुम्हाला कळेल की लोक किती वेळ फिरवतात, कुठे कंटाळतात, गाणं तुटलं की चेहरा कसा होतो.

चौथी पायरी: सेन्सर

इथे घाई करू नका. फिरणं ओळखायला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे चुंबक आणि हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आलं की ओळखणारा सेन्सर. ए3144 हा छोटा, तीन पायांचा सेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतो. चारपाच घेऊन ठेवा.

आजीच्या जात्याला काहीही चिकटवायचं नाही. जाड कापडाचा पट्टा शिवा, त्यात सारख्या अंतरावर आठ छोटी निओडायमियम चुंबकं बसवा आणि तो पट्टा वरच्या तळीभोवती आवळून बांधा. सेन्सर शेजारच्या लाकडी खुंटीवर लावा. खुंटीला उभी खाच ठेवा, म्हणजे चुंबक आणि सेन्सर समोरासमोर आणता येतात. दोघांमधलं अंतर पाच मिलिमीटरच्या आसपास ठेवून पाहा. ए3144 चुंबकाच्या एकाच ध्रुवाला प्रतिसाद देतो, त्यामुळे एखादं चुंबक उलटं शिवलं गेलं की ते सेन्सरला दिसतच नाही. शिवण्याआधी प्रत्येक चुंबक सेन्सरसमोर धरून पाहा आणि योग्य बाजूला मार्करने ठिपका द्या.

सेन्सरचा आउटपुट अर्डुइनो ऊनो या छोट्या, कोड टाकता येणाऱ्या सर्किट बोर्डाच्या 2 क्रमांकाच्या पिनला जोडा, कारण इंटरप्ट, म्हणजे ठोका आला की बाकीचं काम थांबवून तो लगेच टिपण्याची सोय, 2 आणि 3 याच पिनांवर मिळते. कोडमध्ये त्या पिनचा अंतर्गत पुल-अप (पिन मोकळी असताना तिला स्थिर ठेवणारा रेझिस्टर) सुरू करायला विसरू नका, नाहीतर आकडे वेडेवाकडे नाचतात आणि दोष सेन्सरला दिला जातो.

आता हिशोब. आठ चुंबकं आणि एक फेरा चार सेकंदांचा धरला, तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका येतो. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या शांततेवर ओवी थांबवली, तर सावकाश दळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची ओवी सारखी तुटेल. दीड सेकंद ठोका आला नाही तरच ‘थांबलं’ असं समजा, आणि मग आवाज हळूहळू खाली आणा. हा दीड सेकंदाचा आकडा प्रबंधात कारणासह लिहा. तंत्राचा निर्णय आणि आशयाचा निर्णय एकाच जागी आल्याचं त्यातून स्पष्ट दिसतं, आणि परीक्षक नेमकं तेच शोधत असतो.

पाचवी पायरी: आवाज

लॅपटॉप शक्यतो टाळा. ऐन वेळी स्क्रीन झोपते, अपडेट सुरू होतं, कुणीतरी चार्जर काढून घेतं. डीएफप्लेयर मिनी हे मॉड्युल मायक्रोएसडी कार्डावरून एमपी3 वाजवतं, आणि वीज जाऊन आली की ऊनोसह पुन्हा आपोआप सुरू होतं. त्याच्या आरएक्स पिनवर, म्हणजे ऊनोकडून आज्ञा घेणाऱ्या पिनवर, एक किलोओहमचा रेझिस्टर लावा, स्पीकरमधली खरखर कमी होते. क्रमांकाने फाइल वाजवण्याच्या साध्या आज्ञेत हे मॉड्युल फाइलचं नाव बघत नाही, कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाल्या तो क्रम धरतं. म्हणून कार्ड फॉरमॅट करून फाइली एकेक करून टाका. आवाजाच्या 30 पायऱ्या आहेत. ओवी विरवायची तर याच पायऱ्या एकेक उतरवत यायचं.

जात्याची स्वतःची घरघर असतेच, ती झाकू नका. स्पीकर जात्याच्या खाली लाकडी पेटीत ठेवला की ओवी दगडातून आल्यासारखी वाटते, आणि हॉलमधल्या शेजारच्या कामाला त्रासही होत नाही. पेटी बंद हवी. लोक खरंच दाणे वैरतात आणि पीठ सर्किटवर बसतं.

सहावी पायरी: अनोळखी माणसांकडून तपासणी

वर्गमित्र चालणार नाहीत, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. कॅन्टीनमधले काका, ग्रंथालयातल्या ताई, दुसऱ्या विभागातली मुलं बोलवा. काहीही न सांगता बाजूला उभे राहा आणि फक्त टिपून घ्या. बहुतेक जण आधी हात लावायला कचरतील, कारण प्रदर्शनात वस्तूला हात लावायचा नाही ही सवय अंगात मुरलेली असते. पाटी लावून सांगण्यापेक्षा वस्तूंनाच बोलू द्या. शेजारी पाट ठेवा, सुपात मूठभर ज्वारी ठेवा. पाट दिसला की माणूस बसतो आणि बसला की हात खुंट्याकडे जातो. वयस्कर परीक्षकांना खाली बसायला त्रास होईल, तेव्हा जातं उंच ओट्यावर ठेवायचं का, हेही याच टप्प्यावर ठरवा.

ज्युरीच्या चार आठवडे आधी तंत्र गोठवा. त्यानंतर नवा सेन्सर नाही आणि नवी कल्पनाही नाही. उरलेला वेळ वायरिंग, जागा आणि लेखनासाठी ठेवा. ब्रेडबोर्डवरचं, म्हणजे वायरी नुसत्या खोचलेलं, सर्किट काढून झिरो बोर्डवर, म्हणजे भोकांच्या साध्या पट्टीवर, सोल्डर करा. हलणाऱ्या वायरींना ताण पडू नये म्हणून त्या खुंटीला बांधून घ्या. तोच कोड टाकलेला दुसरा ऊनो, दुसरं कार्ड आणि दुसरा अ‍ॅडाप्टर एका डब्यात तयार ठेवा. कोडची प्रत गिटहबवर (कोड ऑनलाइन साठवण्याच्या साइटवर) आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे असू द्या.

हॉलमध्ये जागा मिळाली की सगळ्यात आधी प्लग पॉइंट बघा, मग भिंत. सलग आठ तास काम चालू ठेवून पाहा. दर तासाला अ‍ॅडाप्टरला हात लावून तो किती तापतोय तेही बघा.

सातवी पायरी: नोंदी, व्हिडिओ, प्रबंध

इन्स्टॉलेशन उतरवल्यावर उरतो तो व्हिडिओ, आणि पुढच्या प्रवेशासाठी, रेसिडेन्सीसाठी तोच मागितला जातो. प्रदर्शनाच्या गर्दीत त्याचं चित्रण होत नाही. आदल्या दिवशी हॉल रिकामा असताना दोन तास काढा. आपल्याकडचे दिवे 50 हर्ट्झ विजेवर चालतात, म्हणून कॅमेऱ्याचा शटर 1/50 वर ठेवा, म्हणजे चित्रात पट्टे सरकत नाहीत. ओवीचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर जात्याजवळ घ्या. एक शॉट न कापता पूर्ण ठेवा: माणूस येतो, बसतो, फिरवतो, थांबतो, ओवी विरते.

प्रबंधासाठी पहिल्या दिवसापासून तारखेसह वही ठेवलीत तर लेखन निम्म्याने हलकं होतं. फसलेले प्रयोग फोटोसह लिहा. सर्किटची आकृती, कोडचा मुख्य भाग, तपासणीत लोक काय म्हणाले आणि त्यावरून काय बदललं, हा प्रबंधाचा गाभा. सिद्धांताची प्रकरणं त्याच्या आधाराला हवीत, त्याला दाबून टाकायला नकोत.

ज्युरीच्या दिवशी

बोलून सुरुवात करू नका. परीक्षकांना आधी बसून जातं फिरवू द्या, ओवी पूर्ण ऐकू द्या. त्यांनी विचारल्यावर बोला. ‘हे जातं न फिरवता, नुसत्या बटणावर का नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर तयार ठेवा, पण पाठ करू नका. गाणाऱ्या बाईंचं नाव, गाव आणि त्यांनी कशाला होकार दिला हे तुम्हाला तोंडपाठ हवं. शक्य असेल तर त्यांनाच प्रदर्शनाला घेऊन या, आणि सगळ्यात पहिलं जातं त्यांना फिरवू द्या.