टमी टकनंतर माप घेताय? आधी ती टेप बेंबीवरून काढा

एवढं वजन उतरवलं, पोटाची लोंबणारी कातडी टमी टकच्या ऑपरेशनने काढली, आणि आता रोज सकाळी टेप घेऊन आरशासमोर, आज ९४ उद्या ९६, की झालं सुरू, "ऑपरेशन वाया गेलं का हो ताई?" जळगाव, भुसावळ, धुळे, सगळीकडून मला हेच विचारतात आणि जो तो बेंबीवर टेप लावून बसलेला, कारण कोणीतरी तसं सांगितलेलं असतं.

सोपं आधी उरकते. टेप फायबरची घ्या, जुनी कापडी ताणून लांब होते. सेंटीमीटरमध्ये लिहा. सकाळी चहाच्या आधी, अनवाणी. ऑपरेशनआधीची मापं हवीतच.

आता बेंबी. इथे मी स्वतः लई दिवस अडकले होते. वजन उतरलं की पोटाची कातडी लोंबते आणि तिच्यासोबत बेंबीही खाली येते. टमी टकमध्ये वरची कातडी खाली ओढून जास्तीची कापतात, बेंबी आतून देठाला चिकटलेली असते ती तशीच ठेवतात आणि ओढलेल्या कातडीला नवं भोक पाडून त्यातून बाहेर काढतात. म्हणजे आधीची बेंबी एका उंचीवर, नंतरची दुसऱ्या, मग दोन्ही मापांची तुलना कशाची करणार? तीळ, स्ट्रेच मार्क यांचंही तेच, ते सरकतात नाहीतर कापले जातात. हाड सरकत नाही. म्हणून कडेला बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा, दोघांच्या मधोमध कंबर. ही जागा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून वहीत लिहून ठेवा, आम्ही तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघच मारली होती. पुढे दरवेळी त्याच उंचीवर टेप. मांडीलाही हीच युक्ती, कारण थाय लिफ्टमध्ये तिथलीही कातडी वर ओढलेली असते. दंडाला खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य, कुल्ले जिथे सगळ्यात रुंद तिथे.

एकट्याने करू नका, जावेला नाहीतर नवऱ्याला पाठीमागे उभं करा, टेप मागून खाली घसरलेली असते आणि आपल्याला दिसत नाही. श्वास नेहमीसारखा सोडा आणि तेव्हाचा आकडा घ्या, पोट आत ओढून कोणाला फसवताय? आणि हे नीट ऐका, ऑपरेशननंतर बेंबीखालची कातडी बरेच महिने बधिर असते, टेप रुतली तरी कळत नाही. म्हणून कातडीला खळगा पडतोय का ते मदतीच्या माणसाने डोळ्यांनी बघायचं.

सुरुवात कधी? ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढायला लावलेली नळी, निघाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की, आणि मुख्य म्हणजे सरळ उभं राहता यायला लागल्यावर. पहिले काही दिवस माणूस वाकूनच चालतो, तेव्हाचं माप कचऱ्यात टाकायच्या लायकीचं. नंतर १५ दिवसांनी एकदा, बस्स. ऑपरेशननंतर पोटावर बांधायचा घट्ट बेल्ट काढल्या काढल्या माप कमी येतं, तासाभराने वाढतं, म्हणून एकच नियम ठरवा, माझा आंघोळीआधी बेल्ट काढला की लगेच. संध्याकाळी सूज चढतेच, आणि आदल्या रात्री भरीत पार्टी, वर शेवभाजी आणि पापड झालेले असले तर सकाळचा आकडाही फुगलेला असणार, तो मीठ-पाण्याचा, चरबीचा नाही.

वजनकाट्याचं तर नावच काढू नका, काढलेली कातडी भरते किती आणि सूज भरते किती, पहिल्या महिन्यात त्यातून काहीच कळत नाही.

मात्र एकच बाजू अचानक फुगली किंवा हाताला आत पाणी हलल्यासारखं लागलं, तर सर्जनला फोन करा, आत पाणी साठलेलं असू शकतं. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला, तर टेप फेका आणि त्याच मिनिटाला दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

लग्नसराईचे ब्लाऊज शिवायला टाकायचे असतील तर सहा महिने थांबा, घाईच असेल तर शिंप्याला आत माया जास्त सोडायला सांगा.