डिव्होर्सची केस घालण्याआधी कोर्ट कुठलं ते बघा

आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणीत सासर आणि माहेर चंदगड नाहीतर गडहिंग्लजला असं घरोघरी आहे, त्यामुळं केस बेळगावलाच घालावी लागणार म्हणून बायका उगाच एसटीचे हेलपाटे मारतात. हिंदू विवाह कायद्यात 2003 पासून बायकोला ती सध्या राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, म्हणजे महाराष्ट्रातूनही चालतंय की. दोघं राजी असतील तर एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं, पण ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, 2017 ला सुप्रीम कोर्टानं तसं सांगितलंय.

आता प्रॉपर्टी. अर्धं-अर्धं वाटून मिळतं हे डोक्यातनं काढाच. आपल्याकडं तसा कायदा नाही, साधारण ज्याच्या नावावर त्याचं. नवऱ्याच्या वडिलोपार्जित शेतात घटस्फोटामुळं बायकोला वाटा पडत नाही, तिला पोटगी मागता येते, पोरांचा हक्क मात्र आई-बाप वेगळे झाले म्हणून जात नाही, मुलगी असली तरी. आणि स्त्रीधन बायकोचंच, तेव्हा दागिन्यांच्या पावत्या, लग्नातले फोटो जपून ठेवा. पावत्या सासरच्या कपाटातच राहतात हो बऱ्याचदा!

बेळगावकडच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतोय, वाचणाऱ्याकडनं नाव आणि सर्वे नंबर नीट बघून घ्या, समझोत्यात घर किंवा जमीन द्यायची ठरली तर तोच नंबर लिहा आणि सब-रजिस्ट्रारकडं नोंदणी लागेल का ते वकिलाला सहीआधीच विचारा.