पाण्यात काम करायचंय? मग लाईटीचं वेळापत्रकही शिका

परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये फोन सुरू होतात. कुणी सिव्हिल केलेलं असतं, कुणी कृषी पदवी, कुणी भूशास्त्र, एखादी समाजकार्याची विद्यार्थिनी. प्रश्न सगळ्यांचा सारखाच: "ताई, पाण्याच्या क्षेत्रात यायचंय, कोणता कोर्स करू?" फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगत आलेय ते एकदा सलग लिहावं म्हणून हे. मी सिव्हिलची पदवी घेऊन या कामात आले आणि मराठवाड्यात भूजलावर काम करते. त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील.

कोर्सचं पुढे बघू. त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. आपल्याकडे शेतीला मिळणारं पाणी मोठ्या प्रमाणावर विहिरी आणि बोअरमधून येतं, आणि ते वर येतं विजेच्या मोटारीनं. शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शिवाराकडे येणाऱ्या वीजवाहिनीला, मोटारीला लागणारी थ्री फेज वीज किती तास आणि कोणत्या वेळेला मिळते, यावर शिवारातला उपसा बऱ्याच अंशी ठरतो. पाण्याचं नियोजन करणारे विजेकडे बघत नाहीत आणि विजेचं नियोजन करणारे विहिरीत डोकावत नाहीत. जलसंपदा, मृद व जलसंधारण, पाणीपुरवठ्याच्या अखत्यारीतली भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि ऊर्जा विभाग यांच्या फायली स्वतंत्रपणे फिरतात. शेतकऱ्याच्या बांधावर मात्र हा एकच प्रश्न असतो. तुम्ही दोन्ही बाजू शिकून आलात तर पहिल्या वर्षातच उपयोगी पडाल, कारण अशी माणसं फार कमी आहेत.

गावात गेलात की मोटारीच्या पेटीत ऑटो स्विच आहे का ते बघा. वर्षानुवर्षं शेतीला आलटून-पालटून वीज मिळत आलीय, दिवसाची पाळी असेल तर आठ तास, रात्रीची असेल तर दहा. रात्री दोनला लाईट येणार असेल तर अंधारात, विंचू-सापाच्या वाटेनं मोटार चालू करायला कोण जाणार? म्हणून ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एका शेतकऱ्यानं मला सांगितलं होतं, "मॅडम, लाईट कव्हा येईल अन् कव्हा जाईल याचा भरवसा नाही. आली तवा घ्यायचं पाणी." ज्वारीला गरज आहे की नाही हा विचार त्यात मागे पडतो. शिवाय लाईट येताक्षणी फीडरवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो, डीपी जळते आणि ऐन हंगामात आठवडाभर पाणी बंद. दुसऱ्या पाळीला शेतकरी आणखी जास्त भिजवून ठेवतो. याला पाण्याची उधळपट्टी म्हणून शेतकऱ्याला दोष देणारे अहवाल मी वाचलेत, आणि मला ते अन्यायाचे वाटतात. पुरवठा बेभरवशाचा असला की माणूस साठवून ठेवणारच.

आता थोडं गणित. घाबरू नका, सगळं दहावीचं आहे.

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात 600 मिलिमीटर पाऊस पडला तर 60 लाख घनमीटर, म्हणजे 6,000 टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). आपल्या बेसाल्टमध्ये त्यातलं मुरतं किती? दहा टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे 6 लाख घनमीटर. गावाच्या भूजलाची त्या वर्षीची कमाई एवढीच. आता विजेच्या बाजूनं या. एक घनमीटर पाणी 30 मीटरवरून वर आणायला, मोटार-पंपाची एकूण कार्यक्षमता 40 टक्के धरली तर, साधारण 0.2 युनिट लागतं. एका युनिटमध्ये पाच हजार लिटर. समजा गावातल्या शेतीपंपांनी वर्षात 2 लाख युनिट वापरले. याचा अर्थ उपसा 10 लाख घनमीटर, आणि मुरलेलं पाणी तर 6 लाख. मग तफावत कुठून आली? खोल बोअरमधून जुनं साठलेलं पाणी निघतंय का? शेजारच्या तलावावरून पाइपलाइन आहे का? की पाणी आता 30 नव्हे, 60 मीटरवरून ओढलं जातंय? तसं असेल तर तेवढ्याच युनिटांत निम्मंच पाणी येतं, 5 लाख घनमीटर, आणि हिशेब जुळतो. पण जुळला म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. त्याचा अर्थ शेतकऱ्यांना तेवढ्याच पाण्यासाठी दुप्पट वीज लागतेय.

हे दोन हिशेब समोरासमोर ठेवण्याचं काम कागदावर सोपं दिसतं, प्रत्यक्षात नाही. पुष्कळ शेतीपंपांना मीटरच नाहीत, त्यांचा वापर हॉर्सपॉवरवरून आणि फीडरवरून अंदाजानं काढतात. भूजलाचा उपसाही विहिरींची संख्या गुणिले सरासरी उपसा असाच. दोन्हीकडे अंदाज. त्यात फीडर गावाची शीव पाळत नाही, एकाच फीडरवर चार गावं असतात. म्हणून 33/11 केव्ही उपकेंद्रातल्या फीडरच्या नोंदी घ्यायच्या, मग गावात फिरून डीपी मोजायच्या, प्रत्येक डीपीवर किती मोटारी आणि किती हॉर्सपॉवरच्या ते लिहायचं. पाटीवर पाच आणि आत साडेसातची मोटार हे सर्रास दिसतं. नव्या मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं. पण या क्षेत्रातला खरा अभ्यास इथेच होतो, आणि या नोंदी तुमच्यासाठी दुसरं कुणी करून ठेवलेल्या नसतात.

खडकाचंही तसंच. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळू-गाळासारखा हा खडक पाणी धरत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा भेगाळ किंवा मांजऱ्या (सच्छिद्र) खडक, यातच काय ते पाणी. त्याखाली काळा पाषाण लागला की संपलं, पुढे एखादी भेग सापडली तर सापडली. ढोबळमानानं या खडकात साठवणक्षम पोकळी दोन टक्के धरतात, म्हणजे एका हेक्टरखालची पातळी एक मीटर उतरली की 200 घनमीटर पाणी गेलं. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. तुम्हीही तुमच्या गावातल्या दोन-चार विहिरी धरा. कठड्यावर रंगानं खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडा, आणि मोटार बंद करून पातळी स्थिर झाल्यावरच मोजा. चालू मोटारीत घेतलेलं माप कामाचं नाही.

कायदे पाठ करायची गरज नाही, पण काही मुळातून वाचा. 2005 साली राज्यानं दोन महत्त्वाचे कायदे केले. एकानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, दुसऱ्यानं कालव्याचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना मोजून द्यायची तरतूद झाली. त्याच वर्षी वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती वेगळ्या झाल्या. प्राधिकरणाचा सप्टेंबर 2014 चा जायकवाडीचा आदेश तर जरूर वाचा. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं, याचं सूत्र त्यात आहे. एका नदीवर दोन प्रदेशांचा हक्क कसा मोजायचा याचा असा धडा पुस्तकात मिळणार नाही.

भूजलाचा 2009 चा कायदा शेतीसाठी आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई करतो. 60 मीटर म्हणजे दोनशे फूट. मराठवाड्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, पाचशे-सातशे फुटांचे बोअर सांगतील. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या बोअर मारणाऱ्या गाड्या रात्रभर चालू असतात. कायदा वाईट आहे असं माझं मत नाही. बोअर घेणाऱ्याला थांबवेल असं गावात कुणी नाही, ही अडचण आहे.

जिथे गावानं ते बळ उभं केलं तिथे चित्र पालटलं. हिवरे बाजारला ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मगच रब्बीची पिकं ठरतात. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम मला आजही सर्वांत धाडसी वाटतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. तिसरं नाव दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या प्रकल्पाचं. तिथे टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांना पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या दशकात टेलकडच्या संस्थांपासून सुरुवात केली आणि पुढे अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हातात आलं. या तिन्ही ठिकाणी जाऊन या, आणि पुढाऱ्यांची भाषणं ऐकून परतू नका. पाणी नाकारलं गेलेल्या माणसाला गाठून नियम का पाळतोस ते विचारा.

आता सौरऊर्जेचं, कारण सध्या नोकऱ्याही तिथेच निघतायत. 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यातून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. रात्रीच्या जागरणातून शेतकऱ्याची सुटका होते, आणि याचं मला मनापासून समाधान आहे. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिलही माफ आहे. स्वतंत्र सौरपंप तर ऊन आहे तोवर फुकटच चालतो. मग मोटार बंद कशासाठी करायची? गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून सौरपंपाची उरलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. वाचवलेल्या पाण्याचे पैसे मिळू लागले. आपल्याकडे अशा प्रयोगांना फार वाव आहे. शेततळ्यांचाही विचार याच ओघात करा. प्लास्टिक अंथरलेलं तळं पावसानं भरण्याऐवजी बोअरनं भरलं जात असेल तर सगळ्यांच्या खडकातलं पाणी एकाच्या तळ्यात जातंय आणि वर उन्हानं उडतंय.

बरं, कोर्स. तांत्रिक अंगानं जायचं असेल तर आयआयटी मुंबईचं सितारा केंद्र बघा. धोरण आणि कायद्याची आवड असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्यात अॅक्वाडॅम भूजलाची प्रशिक्षणं घेते, सोपेकॉम पाणीवापर संस्था आणि समन्यायी वाटपावर काम करते, प्रयासचा ऊर्जा गट वीजदरांचा अभ्यास करतो, वॉटर (WOTR) या संस्थेचं काम पाणलोटात आहे. यांचे अहवाल मोफत वाचायला मिळतात. संभाजीनगरची वाल्मी सिंचनाच्या प्रशिक्षणासाठी जुनी आणि नावाजलेली. एक्सेल आणि क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) घरी बसून शिका, त्यासाठी फी भरू नका.

पगाराबद्दल स्पष्ट सांगते, सुरुवातीला कमी असतो आणि नेमणूक प्रकल्पापुरती. प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. घरची जबाबदारी असेल तर स्पर्धा परीक्षेतून जलसंधारण किंवा जलसंपदा विभागात जाणं हा चांगला मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. चांगला शाखा अभियंता एका कालव्याचं भाग्य बदलू शकतो. मुलींनी कामाला हो म्हणण्याआधी मुक्कामाची आणि गाडीची सोय लेखी विचारून घ्यावी. उपकेंद्रं आणि शिवारं गावाबाहेर असतात आणि परतायला उशीर होतो.

आणि नोकरी मिळायची वाट न बघता करता येण्यासारखं एक काम आहे. महावितरणचा दरप्रस्ताव आला की वीज नियामक आयोग हरकती मागवतो आणि वेगवेगळ्या शहरांत जनसुनावणी घेतो. कुणीही हरकत देऊ शकतं, मराठीत बोलू शकतं. प्रस्तावातलं शेतीच्या वापराचं प्रकरण काढा, विनामीटर पंपांचा आकडा कसा काढलाय ते वाचा, आणि तुम्ही स्वतः मोजलेल्या डीपी, मोटारी आणि विहिरींच्या नोंदी जोडून दोन पानांची हरकत मुदतीत दाखल करा. सुनावणीला जाताना तिची प्रत आणि मूळ नोंदवही सोबत न्या, कारण आकडा कुठून आणला हे तिथे विचारतात.