खान्देशातून रिडबर्ग अणूंकडे: एमएस्सीच्या पोरांसाठी

भुसावळला कुणी विचारलं की मी ‘थंड अणूंवर काम करतो’ एवढंच सांगतो. पुढचा प्रश्न ठरलेला: “मग नोकरी कधी, भो?” पण जळगाव-धुळ्याकडच्या फिजिक्सच्या पोरापोरींना खरंच जाणून घ्यायचं असतं. हे त्यांच्यासाठी.

रुबिडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन लेझरने n = १०० (n म्हणजे ऊर्जापातळीचा क्रमांक) च्या आसपासच्या पातळीवर चढवला की रिडबर्ग अणू होतो. आकार n² ने वाढतो, म्हणजे इलेक्ट्रॉनची कक्षा मायक्रोमीटरभर फुगते, जवळजवळ जिवाणूएवढी. असा एक अणू बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटमध्ये (अतिथंड अणूंचा ढग, ज्यात सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत असतात) असला, तर त्याच्या पोटातच ढगातले शेकडो अणू सापडतात. इलेक्ट्रॉन त्यांना ढकलतो-ओढतो. हा परिणाम कसा मांडायचा ते फर्मीने १९३४ मध्येच दाखवलं होतं.

आता ढगातला हा पाहुणा, म्हणजे रिडबर्ग अणू, शोधायचा कसा? नेहमीची रीत म्हणजे विद्युतक्षेत्राने त्याचं आयन करून मोजायचं. त्यात अणूच संपतो. दुसरी वाट ढगालाच विचारायची. केळीच्या बागेत रात्री डुक्कर शिरलं तर ते दिसत नाही, पानं हललेली दिसतात, तसंच.

फक्त इथे पानं लगेच हलत नाहीत, आणि खरी गंमत त्यातच आहे. कंडेन्सेटमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण २ मिलिमीटर. म्हणजे पाहुणा ढगात असतो त्या, समजा, १० मायक्रोसेकंदांत ध्वनी ०.०२ मायक्रोमीटर सरकणार. तेवढ्यात घनता बदलत नाही, बदलते ती ढगाच्या तरंगफलनाची फेज (लाट आपल्या आवर्तनात कुठे आहे ते). अणू निघून गेल्यावर, मिलिसेकंदांच्या हिशोबात, त्या फेजमधून घनतेत खळगे आणि लाटा उमटतात आणि त्या कॅमेऱ्याला दिसू शकतात.

हे लॅपटॉपवर करून बघा. एका मितीतलं ग्रॉस-पिटाएव्हस्की समीकरण (कंडेन्सेटचं तरंगफलन कसं बदलतं ते सांगणारं), पायथन, एफएफटी (झटपट फूरिये रूपांतर). काल्पनिक काळात (t च्या जागी −it घालून) चालवून मूळ, म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेची, अवस्था काढा. अणूंमधली अन्योन्यक्रिया पुरेशी असेल तर तिची घनता थॉमस-फर्मीच्या पॅराबोलाशी (गतिज ऊर्जा सोडून दिल्यावर मिळणारा आकार) जुळली पाहिजे. मग मधोमध क्षणभर एक अरुंद विभव द्या (हाच आपला रिडबर्ग अणू) आणि काढून टाका. घनतेचा आलेख जसाच्या तसा दिसेल. फेज काढा, तिथे खूण असेल. ग्रिड मात्र हीलिंग लेंग्थपेक्षा (ढगाची घनता ज्या किमान अंतरात बदलू शकते ते; नेहमीच्या घनतेला पाव मायक्रोमीटरच्या आसपास) बारीक हवा, नाहीतर दिसेल ते भौतिकशास्त्र नव्हे, ग्रिडचा खेळ.

प्रवेशाचं थोडक्यात: बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी जॅम, एमएस्सीनंतर पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट या प्रवेशपरीक्षा. जेआरएफला (पीएचडीच्या सुरुवातीची संशोधन शिष्यवृत्ती) सध्या महिना ३७,००० रुपये मिळतात, हे घरी आधी सांगा, बरेच वाद मिटतात. पुण्याच्या आयसरमध्ये (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) थंड अणूंची प्रयोगशाळा आहे, भोपाळच्या आयसरमध्ये नेमक्या या विषयावर सैद्धांतिक काम झालंय आणि भुसावळहून भोपाळची गाडी थेट आहे.

प्रयोग की सिद्धांत? प्रयोगात सुरुवातीचा बराच काळ निर्वात यंत्रणा तापवण्यात आणि लेझर लॉक करण्यात (त्याची वारंवारता स्थिर ठेवण्यात) जातो. ज्याला पंपाची मोटर खोलायला आवडते त्याने बिनधास्त जावं. माझ्या मते आपल्याकडची बरीच पोरं उगाच ‘थिअरी भारी’ म्हणून तिकडे वळतात.

उन्हाळी प्रकल्पासाठी ईमेल करताना लांबलचक स्तुती नको. चार ओळी लिहा आणि तुमचा तो फेजचा आलेख जोडा, अक्षांवर एककं लिहून.