अल्बमआधी उचलीची वही काढा

धारूरकडच्या दोन पोरांनी विचारलं, "दादा, राजकीय रॅपचा अल्बम करायचाय. सुरुवात कुठून करू?" मी म्हणालो, घरातली उचलीची वही काढा. ऊसतोडीच्या हंगामाआधी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल, तिचा हिशोब त्या वहीत.

'नेते चोर, सरकार बहिरं' या ओळीला टाळ्या पडतात, पण ती कोणत्याही जिल्ह्यातला कोणीही लिहील. मी तीन महिने तसंच लिहिलं आणि सगळं फाडलं. मग वही उघडली. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल घेतली बापानं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरली आईनंही. आजारपणात आई पडून राहिली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, मात्र दोघांच्या हिशोबात. अख्ख्या वहीत आईचं नाव एकदाही नाही. माझं पहिलं गाणं तिथून निघालं.

आईला समोर बसवून मुलाखत घेऊ नका. ती भाकरी थापत असताना बोला, आणि फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी सांगा. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली. बीड जिल्हा बातम्यांत होता. तो विषय घेणार असाल तर बाईच्याच आवाजात घ्या. आमच्या गाण्याचं धृपद मावशीनं म्हटलं. ती नको म्हणाली असती तर ते गाणं झालं नसतं. कुणाचं गाव, आडनाव ओळखू येईल असं काही ठेवू नका. मुकादमाचंही नाव नको, त्याची पद्धत सांगा. तुम्ही शहरात निघून जाल, घरच्यांना पुढच्या हंगामात त्याच्याचकडं जायचंय.

भाषा घरचीच ठेवा. 'न्हाई'चं 'नाही' करू नका. यमकात मराठी एक सापळा लावते: केलं, गेलं, मेलं. क्रियापदं आपोआप जुळतात आणि गाणं मऊ पडतं. नामं जुळवा. मोळी, टोळी, कोपीत (फडावरच्या झोपडीत) टांगलेली झोळी. या तीन शब्दांत अख्खं घर आलं.

बीट ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, आसपास धरा. त्या वेगात चार-चार ठोक्यांचे १६ बार साधारण ४३ सेकंदांत संपतात, म्हणजे एका कडव्यात एकच प्रसंग मावतो. हलगी घ्यायची तर शेकून, कातडं ताणल्यावरच रेकॉर्ड करा, आणि सगळीकडं वाजवू नका. आमच्याकडं ती फक्त टोळी गाव सोडते तिथं येते. वाजवणाऱ्याला पैसे द्या, श्रेयात नाव द्या. आवाजासाठी स्टुडिओ नसला तरी चालतं. भिंतींना वाकळा टांगा, पंखा बंद करा.

कान तयार करायला १४ जानेवारीला संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटवर जा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव १९७८ चा, नामविस्तार १९९४ चा. मधली सोळा वर्षं लोकांनी गाण्यांतही जागवली. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी तिथं ऐका. बाबासाहेबांचा एवढा मोठा विचार किती साध्या शब्दांत बसतो ते कळेल.

गाण्यांचा क्रम हंगामाचाच ठेवा: दसऱ्यानंतर भरलेली गाडी, उसाचा फड, कोपी, खाडा, परतीचा रस्ता. शेवटच्या गाण्यात पुन्हा नवी उचल.

नेटवर टाकण्याआधी टोळीला ऐकवा. आम्ही संध्याकाळी कोप्यांसमोर स्पीकर लावला. दुसऱ्या गाण्यात 'घामाचे मोती' अशी ओळ होती. एक आजी म्हणाली, "मोती कशाचे रं, मिठानं अंग खाजतं." ती ओळ त्याच रात्री काढली आणि आजीची घातली.