वर्षानुवर्षे उभी असलेली लष्करी जीप चालती करताना

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू जीप हाती आली की ती लगेच सुरू करून पाहावीशी वाटते. तो मोह आवरावा. दीर्घकाळ बंद असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर उरलेला नसतो आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असू शकतात, त्यामुळे थेट स्टार्टर मारल्यास रिंग तुटण्याची किंवा सिलिंडरवर ओरखडे पडण्याची भीती असते.

प्रथम चारही स्पार्क प्लग काढून बारीक नळीने प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे व ते दोन-तीन दिवस मुरू द्यावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या हँडलने इंजिन हळूहळू फिरवावे. अडल्यास जोर न लावता पुन्हा तेल सोडून थांबावे. या 2,199 सीसी इंजिनाचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असल्याने बाजूचे झाकण उघडले की ते वर-खाली होताना स्पष्ट दिसतात. एखादा व्हॉल्व्ह वरच राहत असेल, तर तो गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीतून तो सरकतो तिच्यात, अडकलेला असतो आणि दांड्यावर तेल सोडत त्याला सावकाश मोकळे करावे लागते.

इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात, म्हणजे एक नळी फुटली की पायाचा ब्रेक पूर्ण जातो. म्हणून रबरी सील आणि होज पाइप सरसकट नवे घालावेत.

चाकांबाबत विशेष सावध राहावे. लष्करी रिम दोन भागांची असून ते भाग नट-बोल्टने जोडलेले असतात. टायरमध्ये हवा असताना हे नट सैल केल्यास रिम स्फोटासारखी उडते व जीव जाऊ शकतो. त्यामुळे आधी टायरच्या व्हॉल्व्हची पिन काढून हवा संपूर्ण जाऊ द्यावी.

विद्युतव्यवस्था मूळची 6 व्होल्टची असल्यामुळे बॅटरीच्या केबल जाडच हव्यात. जुना रंग मात्र यंत्राने एकदम खरवडू नये. पाण्याच्या पॉलिश पेपरने थर-थर उतरवत गेल्यास बॉनेटवर मूळचा क्रमांक सापडू शकतो, त्याचे छायाचित्र आणि माप घेऊनच पुढे जावे.

पुढे गाडी उभ्याउभ्या पाच मिनिटे सुरू ठेवून बंद करू नये, कारण तेलात व सायलेन्सरमध्ये पाणी साचते. ती इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी.