पोहता येत नाही तरी पिंजऱ्यातून शार्क बघायचाय? मग हे वाचून जा

आपल्या बेळगावात शार्क म्हणजे मोरी, मार्केटात येणारी हातभर, तिचं तिखट कालवण झालं की विषय संपला. त्यामुळे मी साऊथ आफ्रिकेत पिंजऱ्यात उतरून शार्क बघणार म्हटल्यावर आई म्हणाली, "एवढे पैसे घालून नुसतं बघायला जालायस? खायला पण मिळत नाही?" जाऊन आल्यापासून खानापूर, निपाणीकडच्या ओळखीच्यांचे फोन चालूच आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त विचारतात ते पोहण्याचं. पोहता येत नसेल तरी बहुतेक ठिकाणी घेतात, स्कुबाचं सर्टिफिकेट वगैरे काही लागत नाही. पिंजरा बोटीच्या कडेला बांधलेला असतो आणि त्याचा वरचा थोडा भाग पाण्याच्या वरच राहतो, तुम्ही आत डोकं बाहेर काढून उभे, आणि बोटीवरचा माणूस "डाऊन!" ओरडला की श्वास धरून खाली बुडायचं, दहा-पंधरा सेकंदात परत वर. लहानपणी विहिरीत डुबकी मारली असेल तर झालंच की. पाण्यात डोकं घालायचीच भीती असेल तर आधी आंबोली घाट उतरून मालवण-तारकर्लीला एक दिवस स्नॉर्कलिंग करून या, स्वस्तात कळेल जमतंय का ते.

आता जागा. केपटाऊनहून गाडीने दोन-अडीच तासांवर गान्सबाय, तिथल्या क्लाइनबाय बंदरातून बोटी सुटतात, समोर डायर आयलंड आणि त्याच्या शेजारच्या खडकावर हजारो सील, शार्क येतात ते त्यांच्यासाठीच. पण एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. मला एकाने "ग्रेट व्हाईट, म्हणजे तो सिनेमातला मोठा पांढरा शार्क, शंभर टक्के" म्हणून सांगितलेलं, आणि खरी परिस्थिती अशी की २०१७ पासून तिथे ग्रेट व्हाईट फार कमी झालेत. पोर्ट आणि स्टारबोर्ड नावाच्या दोन ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, आहेत, एकाचा पाठीवरचा पर डावीकडे पडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि जहाजावरच्या भाषेत पोर्ट म्हणजे डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी, म्हणून ही नावं, आणि हे दोघं ग्रेट व्हाईटला मारून नेमकं लिव्हर तेवढं खातात, बाकीचा मासा तसाच टाकून देतात. किनाऱ्यावर लिव्हर नसलेले शार्क वाहून आलेले सापडले आणि उरलेले पळाले. आता गान्सबायला जास्त करून ब्रॉन्झ व्हेलर जातीचे शार्क दिसतात, ते पण अडीच-तीन मीटरचे असतात, मला तर तेवढ्यानेच घाम फुटला, थंड पाण्यात. ग्रेट व्हाईटच पाहिजे असेल तर ऑस्ट्रेलियात पोर्ट लिंकनहून नेपच्यून आयलंडला जावं लागेल, ते महाग. मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावरचं पिंजऱ्यातून शार्क बघणं २०२३ पासून बंद आहे, जुने व्हिडिओ बघून तिकीट काढू नका.

व्हिसाचे नियम बदलत असतात, ताजे बघूनच अर्ज करा. विमान स्वस्त पडतं म्हणून केनिया किंवा इथिओपियावरून जाणार असाल आणि तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर यलो फीवरच्या लसीचं कार्ड मागतात, हे बऱ्याच जणांना एअरपोर्टवर कळतं. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये असले साहसी खेळ धरलेत का ते वाचून घ्या. आणि गान्सबायसाठी एक दिवस जादा ठेवाच. वारा सुटला की बोट रद्द, आमची पहिल्या दिवशी झालीच, ज्यांची दुसऱ्या दिवशीची फ्लाईट होती ते बंदरावरचा चहा पिऊन परत गेले.

आता खरं संकट, ते म्हणजे उलटी. शार्क काही करत नाही ओ, समुद्र करतो. बोट नांगर टाकून दोन-तीन तास एकाच जागी डुलत राहते आणि वरून शार्कला बोलवायला माशाचं तेल आणि टूनाचा लगदा पाण्यात ओतत असतात, तो वास. साधा हिशोब सांगतो, चोर्ला घाटात एसटीत पिशवी लागत असेल तर इथे लागणारच. डॉक्टरला विचारून गोळी घ्या आणि ती बोटीत बसायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेतलेली पोटात थांबत नाही, मी तेच केलं. सकाळी नुसता कोरडा टोस्ट खा, नजर लांब क्षितिजावर ठेवा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका.

पाणी बारा ते अठरा डिग्री असतं, म्हणून जाड वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, देतात. चेन पाठीवर येते, मी पुढे घेऊन घातला आणि दोघांनी मिळून ओढून काढला. पाण्यात डोळे-नाक झाकणारा मास्क लावतात, त्याच्या आत चष्मा चालत नाही, नंबर जास्त असेल तर एकदाच वापरायच्या लेन्स घेऊन जा. मिशीवाल्यांनी विशेष लक्ष द्या, मास्कची खालची कड मिशीवर बसते आणि तिथून पाणी आत येतं, नाकाखाली व्हॅसलिन चोपडा. माझ्या शेजारी एक भरघोस मिशीवाले काका होते, प्रत्येक डुबकीला त्यांच्या मास्कमध्ये अर्धी वाटी पाणी, शार्क गेला की हे डोळे पुसत वर.

पिंजऱ्यात आतल्या बाजूला धरायला वेगळी दांडी असते, तीच धरायची, बाहेरच्या गजांना बोटं गुंडाळायची नाहीत, आणि कॅमेऱ्याची काठी बाहेर काढायची नाही म्हणजे नाही. कंबरेला वजनाचा पट्टा देतात, तरी शरीर वर तरंगतं, म्हणून पाय खालच्या दांडीखाली अडकवून स्वतःला खाली ओढायचं. खाली गेल्यावर आमिषाच्या दोरीकडे बघत बसू नका, पाणी हिरवट गढूळ असतं, दोन-तीन मीटरच्या पुढचं दिसत नाही, आणि शार्क दोरीच्या बाजूने न येता खालून येतो. आधी नुसती सावली, मग एकदम डोळा, आणि अंगावरून भिंत सरकावी तसा सरकत जातो, शेपटीचा धक्का पिंजऱ्याला बसला की गज कण्ण करून वाजतात.

बोटीवर व्हिडिओ काढून विकतात, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्यात शार्क दोन वेळा आहे आणि मी रेलिंगला लटकलेला पाच वेळा.